पेट्रोलचा कांटा खोटें कां बोलतो?

मोटारींत चालकाच्या समोर जीं दोन-चार घड्याळें बसविलेलीं असतात, त्यांपैकीं ज्याच्याकडे आपण वारंवार पाहतों, परंतु ज्याच्याविषयीं कधींच विचार करीत नाहीं, असें घड्याळ म्हणजे पेट्रोलचें. कांटा अर्ध्यावर असला कीं आपण निश्चिंत, आणि खालीं गेला कीं आपण अस्वस्थ. हा कांटा टांकींतील पेट्रोल प्रत्यक्ष पाहून बोलतो अशीच आपली समजूत असते. आमच्या घरींही ती होती. गेल्या वर्षीं गौरी-गणपतीच्या दिवसांत जो प्रसंग आमच्यावर ओढवला त्यानें ती पार नाहींशी केली. त्या प्रसंगांतून जें शिकावयास मिळालें तें जुनी गाडी बाळगणाऱ्या इतर कुटुंबांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

आमची गाडी १९७४ सालची. आजोबांनीं ती नवी घेतली. त्यांच्या मागें ती माझे थोरले चुलते तात्या यांच्याकडे आली. दर पांच वर्षांनीं तिच्या नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि "आतां ही विकून टाका" हें धाकट्या काकांचें वाक्य दर दिवाळीस ऐकून घ्यावें लागतें. तात्या तिन्ही गोष्टी मुकाट्यानें करतात. गणपतीसाठीं श्रीवर्धनच्या बाजूस आमच्या मूळ गांवीं याच गाडीनें जावयाचें, असा त्यांचा नेम आहे.

गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही परत निघालों. गाडींत तात्या, माई, माझी वहिनी आणि मी असे चौघे होतों. माईंना दम्याचा विकार आहे. पहांटेपासून पाऊस कोसळत होता आणि त्यांना श्वास लागला होता. माणगांवच्या डॉक्टरांनीं इंजेक्शन दिलें, यंत्रानें औषधाची वाफ दिली, आणि संध्याकाळच्या आंत पुण्यास नेहमींच्या डॉक्टरांकडे पोहोंचण्यास बजावलें. वाटेंत पेट्रोलचा पंप लागला. गणपतीहून परतणाऱ्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती.

"तात्या, पेट्रोल घ्यावयाचें ना?" मीं विचारलें.

"कांटा अर्ध्यावर आहे रे. पुणें शंभर-सव्वाशें किलोमीटर. इथें अर्धा तास घालवण्यापेक्षां हिला घेऊन लवकर पोहोंचूं."

त्या क्षणीं हा निर्णय मलाही अगदीं रास्त वाटला. ताम्हिणीचा घाट चढूं लागतांच इंजिनाच्या उष्णतेचा कांटा वर चढला. तात्यांनीं दोनदां गाडी थांबवून, ती निवेपर्यंत वाट पाहून, रेडिएटर उघडून पाहिला. दोन्ही वेळां पाणी कांठोकांठ होतें! "जुनी गाडी, घाटांत तापायचीच," असें म्हणून आम्ही पुढें निघालों. यांत पाऊण तास मात्र गेला. घाटमाथा ओलांडल्यावर इंजिनानें दोन-तीन आचके दिले आणि गाडी बंद पडली. पेट्रोलचा कांटा तेव्हांही पाव टांकीच्या जरा खालींच होता. धुकें इतकें कीं वीस पावलांपलीकडचें दिसेना. मोबाइलला रेंज नाहीं. आणि मागच्या सीटवर माईंच्या श्वासाचा आवाज.

तात्या बॉनेट उघडून प्लग आणि कॉइल तपासूं लागले. वहिनी मात्र गाडीच्या मागें गेली. तिनें मला गाडी हलवावयास सांगितली आणि टांकीशीं कान नेला. "तात्या, आंत कांहींच डचमळत नाहीं," ती म्हणाली. पेट्रोल संपलें होतें. पुढें सुमारें वीस मिनिटांनीं मोटारसायकलवरून एक तरुण आला. त्यानें आपल्या टांकीची नळी काढून दोनेक लिटर पेट्रोल आम्हांस दिलें, पैसे घेण्याचें नाकारलें आणि "आजींना लवकर न्या" एवढेंच सांगून तो निघून गेला. त्याचें नांव विचारावयाचेंही आम्हांस सुचलें नाहीं. त्या दोन लिटरांवर पुढच्या पंपापर्यंत आणि तेथून रात्रीं आठच्या सुमारास रुग्णालयांत आम्ही पोहोंचलों. माई चार दिवसांनीं घरीं आल्या. "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतें," असें डॉक्टर म्हणाले. तें वाक्य तात्यांच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं.

कांटा मोजतो तरी काय?

घरीं आल्यावर ओळखीच्या मिस्त्रींनीं गाडी पाहिली. टांकींतला भाग आणि समोरचें घड्याळ अशा दोन्ही वस्तु जुन्या बाजारांतून शोधून बदलाव्या, असा त्यांचा सल्ला पडला. वहिनी महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविते. ती म्हणाली, "तात्या, आपण जरा थांबावें. आधीं दोष कोठें आहे तें पाहूं. सुटे भाग मग आणूं." पुढचे दोन रविवार तिनें जें केलें आणि समजावून सांगितलें, त्याचेंच सार खालीं देत आहें.

मोटारीच्या आरंभकाळीं पेट्रोल खरोखरच डोळ्यांनीं पाहून मोजीत. फोर्डच्या १९०८ सालच्या 'मॉडेल टी' गाडींत टांकी पुढच्या सीटखालीं होती. सीट उचलावयाची, झांकण काढावयाचें आणि लांकडी पट्टी बुडवून किती ओली झाली तें पाहावयाचें. त्यानंतरच्या 'मॉडेल ए'मध्यें टांकी चालकाच्या समोरच असल्यानें तिच्यांतील फ्लोटशीं जोडलेला आंकडा थेट दिसे. फोक्सवॅगनच्या प्रसिद्ध 'बीटल' गाडीला १९६१ पर्यंत पेट्रोलचा कांटाच नव्हता. पेट्रोल संपूं लागलें कीं राखीव सांठ्याची तोटी फिरवावयाची. आपल्याकडील जुन्या स्कूटरींची 'रिझर्व्ह'ची कळ ज्यांना आठवते, त्यांना ही व्यवस्था नवीन नाहीं.

टांकी गाडीच्या मागच्या टोकास गेल्यावर मात्र तिची वार्ता पुढें आणण्याचें काम विजेकडे आलें. टांकींत पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल कमी-अधिक होईल तसा तो खालीं-वर होतो, आणि त्याच्या दांड्याचें दुसरें टोंक एका बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकतें. त्यामुळें विजेच्या मार्गांतील अडथळा, म्हणजे रोध, बदलतो. बॅटरींतून निघालेली वीज समोरच्या घड्याळांतून, लांब वायरींतून, या वेटोळ्यांतून आणि शेवटीं गाडीच्या पत्र्यांतून बॅटरीकडे परत येते. पत्र्याशीं होणाऱ्या या जोडणीस अर्थिंग म्हणतात. सारांश, कांटा पेट्रोल मोजीत नसून एका तारेचा रोध मोजतो. आणि या सबंध मार्गांत कोठेंही गंज, मळ किंवा ढिलाई शिरली, तर तीही तो पेट्रोलच्या हिशेबांत धरतो.

दोन जातींचे कांटे

आपल्या गाडीचा कांटा कोणत्या जातीचा आहे, हें किल्ली फिरवितांच कळतें. कांटा टुणकन् उडी मारून जागेवर आला तर तो चुंबकीय. त्यांत दोन वेटोळीं कांट्याला दोन बाजूंस ओढीत असतात. कांटा त्यांच्या ओढींच्या प्रमाणावर चालत असल्यामुळें बॅटरीचा दाब थोडा कमी-अधिक झाला तरी त्यास विशेष बाध येत नाहीं.

कांटा सावकाश, जणूं विचार करीत, वर चढला तर तो उष्णतेवर चालणारा. त्यांत दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी असते व तिच्याभोंवतीं तार गुंडाळलेली असते. वीज वाहूं लागली कीं तार तापते, दोन्ही धातु सारखे प्रसरण पावत नाहींत म्हणून पट्टी वांकते आणि कांटा ढकलते. या मंदपणाचा फायदा असा कीं खड्ड्यांत पेट्रोल उसळलें तरी कांटा नाचत नाहीं. तोटा असा कीं दाब वाढला तर कांटाही वाढतो. बॅटरीचा दाब गाडी उभी असतां सुमारें १२ व्होल्ट, तर चालू असतां १४ पर्यंत जातो. म्हणून अशा गाड्यांत एक लहानसा स्टॅबिलायझर बसविलेला असतो. घरांतील फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा हा धाकटा भाऊ समजावा. ब्रिटिश धाटणीच्या अनेक गाड्यांत त्याच्या आंतही एक जोडपट्टी असते. ती तापून वीज तोडते, निवून पुन्हा जोडते, आणि अशा उघडझापीनें सरासरी १० व्होल्टच पुढें जाऊं देते. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं हाच एक स्टॅबिलायझर पेट्रोलच्या आणि उष्णतेच्या अशा दोन्ही कांट्यांना वीज पुरवितो.

लक्षणें कशीं वाचावीं?

वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं रोग्यास प्रश्न विचारतो. तसेंच येथेंही करावें.

दोन्ही कांटे एकाच दिशेनें चुकत असतील तर टांकीला दोष देऊं नये. दोन्ही मेलेले असल्यास फ्यूज किंवा स्टॅबिलायझरकडे येणारी वायर पाहावी. दोन्ही वाजवीपेक्षां वर असल्यास स्टॅबिलायझर आणि त्याचें अर्थिंग पाहावें.

फक्त पेट्रोलचाच कांटा चुकत असेल तर लक्षणें निराळीं. ज्या गाड्यांत टांकी भरलेली असतां रोध कमी असतो, त्यांत कांटा कायम रिकाम्यावर राहिला तर वायर तुटली, टांकीचें अर्थिंग गेलें किंवा फ्लोटला भोंक पडून तो बुडाला असें समजावें. कांटा कायम भरलेल्यावर राहिला तर वायर कोठें तरी घांसून पत्र्याला टेंकली असावी. कांटा नेहमींच थोडा कमी दाखवीत असेल तर अर्थिंगच्या जोडावर गंज असण्याचा संभव फार. ठराविक जागीं येऊन तो एकदम पडत असेल तर तेथील तार झिजलेली असते. आणि एकाच जागीं चिकटून बसला असेल तर फ्लोटचा दांडा अडकलेला असतो.

सर्वच गाड्यांची रीत मात्र एक नव्हे. फोर्डच्या जुन्या अमेरिकन गाड्यांत रिकाम्या टांकीस सुमारें ७३ ओहम आणि भरलेल्या टांकीस सुमारें १० ओहम रोध असे. उलट जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या अनेक गाड्यांत रिकाम्यास ० आणि भरलेल्यास ९० ओहम. म्हणून एका जातीच्या गाडीचा भाग दुसरीस बसविला तर कांटा उलटाही चालूं शकतो. सुटा भाग विकत घेण्यापूर्वीं ही चौकशी अवश्य करावी.

तपासणीचा क्रम

क्रम एकच लक्षांत ठेवावा: ज्यास खर्च नाहीं तें आधीं, ज्यास खर्च आहे तें शेवटीं. प्रथम फ्यूज काढून त्याचीं टोंकें पॉलिश पेपरनें घांसून पुन्हा बसवावा. मग किल्ली बंद ठेवून टांकीवरील वायर सोडवावी, तिचें टोंक टांकीपासून दूर न्यावें, आणि किल्ली चालू करून कांटा पाहावा. पुन्हा किल्ली बंद करावी, वायरचें टोंक पत्र्याच्या स्वच्छ भागास जोडावें, आणि दुसऱ्या माणसास किल्ली चालू करून कांटा पाहण्यास सांगावें. एका वेळीं कांटा पार रिकाम्यावर आणि दुसऱ्या वेळीं पार भरलेल्यावर गेला, तर घड्याळ व वायर दोन्ही निर्दोष; दोष टांकींत किंवा तिच्या अर्थिंगमध्यें. कांटा हललाच नाहीं तर दोष वायरींत किंवा घड्याळांत. वायर पत्र्यास जोडलेली असतां किल्ली कांहीं सेकंदांहून अधिक चालू ठेवूं नये. उष्णतेवर चालणाऱ्या घड्याळाचें वेटोळें त्यानें जळण्याची भीति असते.

दोष टांकीकडे निघाला तर टांकी लगेच उघडूं नये. तिच्या भागाच्या धातूपासून गाडीच्या स्वच्छ पत्र्यापर्यंत एक तात्पुरती वायर जोडून पाहावी. अनेक गाड्यांत टांकी रबराच्या पट्ट्यांवर बसलेली असते व तिचें अर्थिंग एका बारीक वायरीवर अवलंबून असतें. एवढ्यानें कांटा सुधारला तर गंज घांसून नवी वायर बसविली कीं काम झालें.

इंजेक्शनच्या नव्या धाटणीच्या गाड्यांत फ्लोट आणि विजेचा पंप टांकींत एकत्र असतात, नळ्यांत दाब असतो, आणि कांट्याकडे जाणारी खूण बहुधा संगणकांतून जाते. त्या गाडीची टांकी घरीं उघडण्याच्या भरीस पडूं नये.

येथें धाडस नको

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडींतही पेट घेऊं शकते. ती हवेपेक्षां जड असल्यामुळें वर न जातां जमिनीवर पसरते आणि दूरवरच्या ठिणगीपर्यंत पोहोंचते. हवेंत ती दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असतां स्फोटक ठरते. म्हणूनच भरलेल्या टांकीपेक्षां नुकतीच रिकामी केलेली टांकी अधिक घातक. टांकीचा भाग काढणें अटळच झालें तर तें काम मोकळ्या हवेंत, बॅटरीची वायर सोडवून, मुलांना दूर ठेवून आणि जाणत्या मिस्त्रीच्या हातूनच करावें. टांकींत डोकावण्यासाठीं काडी किंवा साधा दिवा पेटवूं नये. नळी तोंडानें ओढून पेट्रोल काढण्याची संवय अनेकांना असते. तें फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेततें. बाहेर काढलेला फ्लोट कानाशीं हलवून पाहावा. आंत पेट्रोल खुळखुळत असेल तर तो फुटका समजावा. आणि त्यास घरीं डाग देण्याचा प्रयत्न कदापि करूं नये, कारण आंतील वाफ तापून तो फुटेल.

आतां मिळणाऱ्या पेट्रोलविषयींही एक सूचना. २०२५ सालीं भारतानें पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गाठलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें आणि जुन्या धाटणीच्या रबरास मानवत नाहीं. जुन्या गाडीच्या टांकीवरील वायसर आणि नळ्या वरचेवर पाहाव्या.

आमच्या गाडीचा दोष

वहिनीनें पहिल्याच रविवारीं वहींत एक ओळ लिहिली: "दोन्ही कांटे वर. पाणी मात्र पुरेसें." घाटांत गाडी तापलीच नव्हती. उष्णतेचा कांटा आणि पेट्रोलचा कांटा दोघेही एकाच दिशेनें खोटें बोलत होते. एकास आम्ही घाटाचें कारण दिलें आणि दुसऱ्यावर विश्वास ठेवला. दोघांचें एकत्र ऐकलें असतें तर माणगांवच्या रांगेंत उभे राहिलों असतों.

डॅशबोर्डमागचा स्टॅबिलायझर शोधून तिनें त्याच्या पुढच्या वायरीस मल्टिमीटर लावला. आंकडा कमी-अधिक व्हावयास हवा होता. तो साडेबारा व्होल्टवर स्थिर होता. स्टॅबिलायझरच्या डब्यापासून पत्र्यापर्यंत तिनें तात्पुरती वायर जोडतांच आंकडा उघडझाप करूं लागला, आणि मिनिटाभरांत दोन्ही कांटे हळूहळू खालीं येऊन आपापल्या जागीं स्थिरावले. स्टॅबिलायझरचें अर्थिंग गेलें होतें. अर्थिंग नाहीं म्हणून आंतली पट्टी तापत नव्हती, पट्टी तापत नाहीं म्हणून वीज तुटत नव्हती, आणि बॅटरीचा सगळा दाब सरळ कांट्यांवर येत होता.

"पण अर्थिंग गेलें कसें?" मीं विचारलें.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गणपतीच्या आधीं पत्रा गंजूं नये म्हणून आंतून रंग दिला. तो डबा मीच काढला आणि रंगावरच परत बसवला."

गाडीवर जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातूनच हें घडलें होतें. वहिनीनें त्यावर कांहीं भाष्य केलें नाहीं. तिनें स्क्रूच्या जागेपुरता रंग पॉलिश पेपरनें घांसून काढला, दांतेरी वायसर घालून डबा घट्ट बसविला आणि "आतां टांकीची परीक्षा घेऊं" असें म्हटलें. दोघांनीं जवळजवळ रिकामी टांकी पंपावर नेली, पांच-पांच लिटर पेट्रोल भरीत गेलीं आणि प्रत्येक वेळीं कांटा कोठें थांबला तें लिहून घेतलें. प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकानें हें एकदां तरी करावें. कांटा थोडा चुकत असला तरी तो किती चुकतो हें ठाऊक असलें म्हणजे त्याचा उपयोग होतो.

हा तक्ता जिच्यांत लिहिला ती वही आजोबांची आहे. त्यांनीं गाडी घेतल्या दिवसापासून भरलेलें पेट्रोल आणि चाललेलें अंतर तींत टिपून ठेवलें होतें. तात्यांनीं तो परिपाठ कांहीं वर्षें चालविला आणि पुढें "कांटा आहे कीं" म्हणून सोडून दिला. आतां तो पुन्हा सुरू झाला आहे. लिटरामागें किती किलोमीटर जातात हें वहींत असतें. अंतराचें घड्याळ पाहून टांकींत किती उरलें असावें याचा हिशेब मिनिटभरांत होतो, आणि हिशेब व कांटा यांचें जुळत नसेल तर गाडी पंपावर जाते. धाकट्या काकांनीं यंदाच्या दिवाळींत गाडी विकण्याचा विषय काढला नाहीं.

माईंची प्रकृति आतां बरी आहे. गाडींत बसतांना त्या कांट्याकडे पाहत नाहींत. "वही पाहिलीत का?" एवढेंच तात्यांना विचारतात, आणि तात्या कितीही घाईंत असले तरी किल्ली फिरविण्यापूर्वीं वही उघडतात.